दोनशे बटणं, एक डबा: आरोग्यखर्चाचा वाद गटात कसा घ्यावा

आजारपणाचा खर्च कोणी उचलायचा, या विषयावर वीस माणसं बसवली की साधारण सातव्या मिनिटाला आवाज चढतो. मी घड्याळ लावून पाहिलंय. एक जण म्हणतो, ‘उपचार हा हक्क आहे, मोफतच हवा.’ दुसरा म्हणतो, ‘मोफत काही नसतं, माझ्या खिशातून जातं ते.’ तिसऱ्याला मेहुण्याचं बिल आठवतं, मग प्रत्येकाला कोणाचं ना कोणाचं बिल आठवतं. दोन तासांनी मंडळी घरी जातात ती आणलेली मतं जशीच्या तशी घेऊन, वर थोडी चिडचिड.

मी सव्वीस वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते. निवृत्त झाल्यावर लोक बोलवायला लागले, ‘जरा विम्याबद्दल सांगा.’ पहिली पाच-सहा वेळा मी भाषण केलं. लोकांनी माना डोलावल्या आणि चहाच्या वेळी पुन्हा तेच भांडण. मग मी भाषण बंद केलं आणि बटणं आणली. तेव्हापासून भांडण होतंच, पण मुद्द्यावर होतं. तुम्हाला तुमच्या गटात, वर्गात किंवा घरच्या गोतावळ्यात हे करून बघायचं असेल तर मी कसं करते ते सांगते.

काय लागतं

दोनशे बटणं, झाकणाचा पत्र्याचा डबा, वीस चिठ्ठ्या आणि एक फळा. नाणी घेऊ नका. नाणं हातात आलं की माणूस लगेच स्वतःच्या पगाराचा विचार करतो आणि खेळातून उठतो. बटणं जुन्या कपड्यांची, मिळतील तशी असू देत. माझ्याकडे एक मोठं तपकिरी कोटाचं बटण आहे, अजून दोरा लोंबतोय त्याला. दर वेळी कोणीतरी विचारतंच, ‘याचे दोन धरायचे का?’ नाही, एकच.

चिठ्ठ्यांवर आकडे असे लिहा: दहा चिठ्ठ्यांवर ०, सहा चिठ्ठ्यांवर २, तीन चिठ्ठ्यांवर ६ आणि एका चिठ्ठीवर ३०. बेरीज ६०, म्हणजे माणशी ३. हे आकडे मी मनचे काढलेले नाहीत. अमेरिकेत वर्षभरात आरोग्यावर जो खर्च होतो, त्यातला जवळपास निम्मा जेमतेम ५ टक्के लोकांच्या उपचारांवर होतो. खालच्या निम्म्या लोकसंख्येच्या वाट्याला ३ टक्क्यांच्या आसपास येतो. वीसात एक म्हणजे ५ टक्के, साठात तीस म्हणजे निम्मे. आजारपण माणशी सारखं वाटलेलं नसतं, आणि विम्याचं सगळं त्रांगडं इथूनच सुरू होतं.

माणसं दहाच असतील तर प्रत्येकाला दोन जणांचं खेळायला लावा. वीसपेक्षा जास्त असली तर उरलेल्यांना बघायला बसवा. बघणारे जास्त शहाणपणाने बोलतात, हा माझा अनुभव.

पहिला डाव: ज्याचं त्याने

प्रत्येकाला दहा बटणं द्या. ही त्याची वर्षाची कमाई. चिठ्ठी उचलायची, उघडायची, तेवढी बटणं समोर टेबलावर ठेवायची. शून्यवाले हसतात. दोनवाले दोन ठेवून मोकळे होतात. सहावाले ओठ मुडपतात, पण चार उरतात, भागतं. आणि मग तीसवाला किंवा तीसवाली. तिच्याकडे दहा आहेत, वीस कमी पडतात.

इथे तुम्ही काही बोलू नका. गप्प बसणं अवघड जातं, पण बसा. बहुतेक गटांत कोणीतरी आपली दोन-तीन बटणं तिच्याकडे सरकवतं. मग दुसरा सरकवतो. एकदा तर पूर्ण वीस जमली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, छान, आता दुसरं वर्ष. पुन्हा चिठ्ठ्या वाटल्या. तीस दुसऱ्याच कोणाला आले, आणि या वेळी अकरा जमली. तिसऱ्या वर्षी चार. कोणी दुष्ट झालं नव्हतं, माणसं तीच होती. एक गृहस्थ मला म्हणाले, ‘पहिल्या वेळी दिलं होतं ना.’ हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा, पुढे कामी येतं.

दुसरा डाव: आधी भरा, मग उघडा

चिठ्ठी उचलायची पण उघडायची नाही. प्रत्येकाने आधी डब्यात ३ बटणं टाकायची. साठ जमतात. मग चिठ्ठ्या उघडायच्या आणि ज्याचा जेवढा आकडा तेवढी बटणं डब्यातून द्यायची. डबा बरोबर रिकामा होतो आणि प्रत्येकाकडे सात उरतात, तीसवालीकडेसुद्धा.

विमा म्हणतात तो एवढाच. आता शून्यवाल्यांपैकी एकाला विचारा, ‘तुमची तीन बटणं गेली, मिळालं काय?’ तो म्हणेल, काहीच नाही. त्याला तसंच म्हणू द्या आणि लगेच समजूत काढायला जाऊ नका. डबा चालतो तो या माणसाच्या जिवावर. ज्याला या वर्षी काहीही मिळालं नाही, तो पुढच्या वर्षीही तीन टाकणार का, हा या वादातला खरा प्रश्न आहे, असं माझं मत. बाकीचे प्रश्न याच्या पोटात येतात.

तिसरा डाव: चिठ्ठीचा कोपरा

हा डाव सगळ्यात जास्त वेळ घेतो, आणि घेऊ द्या. या वेळी चिठ्ठी आधी गुपचूप वाचायची आणि मग ठरवायचं, डब्यात ३ टाकायचे की बाहेर राहायचं. जबरदस्ती नाही.

दहा शून्यवाले हळूच खुर्ची मागे घेतात. दोनवाले घुटमळतात, एका बटणाने काय होतंय म्हणून थांबतात. आता आत दहा जण आणि खर्च साठच. माणशी ६. हा नवा हप्ता जाहीर केला की दोनवाले उठतात. चार जण उरले, खर्च ४८, माणशी १२. कोणाकडेच बारा बटणं नाहीत, आणि सहावाल्याने बारा का द्यावेत? तेही उठतात. डब्यापाशी तीसवाली एकटी, आणि तिचा हप्ता ३०. तीन फेऱ्यांत डबा मेला. कोणी चोरी केली नाही, कोणी खोटं बोललं नाही.

कोणी तरी म्हणेलच की खऱ्या आयुष्यात आपली चिठ्ठी कोणाला वाचता येते? पूर्ण नाही येत. पण कोपरा दुमडून आपण सगळ्यांनीच बघितलेला असतो. वय माहीत असतं, आईला काय होतं ते माहीत असतं, गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत काय झालं तेही माहीत असतं. तेवढ्यावरही डबा कलंडतो. हार्वर्ड विद्यापीठाने १९९५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी नियम बदलला: योजना कोणतीही घ्या, विद्यापीठ ठरावीक रक्कमच देणार, वरचा फरक तुमचा. सगळ्यात भरघोस योजनेतून तरुण आणि धडधाकट माणसं निघून गेली, हप्ता वाढला, आणखी माणसं गेली. १९९७ मध्ये ती योजना बंद झाली. अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांच्या अंगणात हे घडलं, म्हणून मला ते उदाहरण विशेष आवडतं.

आता गटाला विचारा, डबा वाचवायचा कसा? उत्तरं त्यांच्याकडूनच येऊ द्या, तुम्ही फक्त त्यांच्या बाजूला नावं लिहा. कोणी म्हणतं, ‘सक्ती करा.’ लिहा: जर्मनी, १८८३. तिथला चान्सलर बिस्मार्क याने कारखान्यांतल्या कामगारांना आजारपणाचा विमा सक्तीचा केला. दोन तृतीयांश वर्गणी कामगाराची, एक तृतीयांश मालकाची. कोणी म्हणतं, ‘करातून घ्या, म्हणजे बाहेर जायचा प्रश्नच नाही.’ लिहा: ब्रिटन, ५ जुलै १९४८. त्या दिवशी तिथे करातून चालणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. कोणी म्हणतं, ‘कंपन्या राहू द्या, पण सगळ्यांना घ्यायला लावा आणि कोणाला नाही म्हणू देऊ नका.’ स्वित्झर्लंड, १९९६ पासून. तिथे मूलभूत विम्यावर कंपन्यांना नफा घेता येत नाही. ‘गरिबांची बटणं सरकारने टाकावीत’ असं म्हणणारा निघाला तर अमेरिकेचा २०१० चा कायदा सांगा. त्यात तिन्ही गोष्टी होत्या: कंपनीने नाही म्हणायचं नाही, विमा न घेणाऱ्याला दंड, आणि कमी उत्पन्नवाल्यांना अनुदान. २०१९ पासून दंड शून्य केला. मी स्वतः तेव्हा पैज मारायला तयार होते की डबा कोसळणार. नाही कोसळला. अनुदान इतकं होतं की बऱ्याच जणांना बाहेर जाणं परवडणारं नव्हतं. तेव्हापासून मी ‘सक्तीशिवाय चालतच नाही’ असं ठासून सांगणं सोडलं.

आणि एक उत्तर नेहमी उशिरा येतं, जरा दबक्या आवाजात: ‘तीसवालीला आधीच आत घेऊ नका.’ म्हणजे डबा सांभाळणाऱ्यानेही चिठ्ठीचा कोपरा बघायचा. हे माझं काम होतं.

एक फाइल सांगते. हृदयाची शस्त्रक्रिया, बिल मोठं, पॉलिसी तीन वर्षं जुनी. अर्जावर ‘आजवर कोणता आजार?’ या रकान्यात ‘नाही’. रुग्णालयाच्या केसपेपरवर दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरने घाईघाईत खरडलेली एक ओळ: बीपी, सहा वर्षांपासून. त्या ओळीखाली मी लाल पेन्सिलने रेघ मारली. एवढंच. बाकी छापील पत्र होतं. पंधरा दिवसांनी त्यांची बायको आली, समोर बसली आणि म्हणाली, ‘बीपी तर सगळ्यांनाच असतं ना? तो आजार कुठे झाला?’ अर्ज एजंटने भरला होता, नवऱ्याने फक्त सही केली होती. तिने पिशवीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं काढून टेबलावर मांडली, सहा वर्षांची जपून ठेवलेली; ते नियमित औषध घेत होते याचा पुरावा म्हणून. तिला वाटलं होतं यामुळे काम होईल. त्या पाकिटांनी आमचंच म्हणणं सिद्ध होत होतं.

कंपनी लबाड होती असं मी म्हणणार नाही. ज्या डब्यात यायची-जायची मुभा आहे, तिथे आजारी पडल्यावर येणाऱ्याला अडवलं नाही तर तिसरा डाव होतो, हे तुम्ही आत्ताच पाहिलं. पण त्या बाईला हे कोण समजावणार? मी समजावलं नाही. वरच्या साहेबांकडे पाठवलं. ही गोष्ट मी गटात सांगते, कारण सांगितली नाही तर कोणी ना कोणी मला विचारतंच, ‘तुम्ही कधी क्लेम नाकारला होता का?’ तुम्ही क्लेम विभागात नसाल, तर गटात कोणाचा क्लेम नाकारला गेलाय ते विचारा. हात वर येतात.

फळ्यावरचे दोन नियम

इथवर तासभर गेलेला असतो आणि मंडळी तापलेली असतात. आता उघड चर्चा सुरू करा, पण दोन नियम घालून. ‘मिळालंच पाहिजे’ असं जो म्हणेल, त्याने बोट ठेवून दाखवायचं की कोणाची बटणं घेणार. ‘सरकार देईल’ चालणार नाही. सरकारच्या पुढ्यात बटणं नाहीत, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि ‘ज्याचं त्याने बघावं’ असं जो म्हणेल, त्याने ते तीसवालीकडे बघून म्हणायचं. दोन्ही नियम पाळायला सारखेच जड आहेत. ‘फुकट’ हा शब्द मी फळ्यावर लिहून त्यावर काट मारते.

‘अमक्या देशात सगळं मोफत आहे’ हे वाक्य येणारच. ते खोडत बसू नका, फक्त विचारा: दातांचं काय? घरी घ्यायच्या औषधांचं काय? थांबावं किती लागतं? बहुतेक वेळा माणूस या तीन प्रश्नांत स्वतःच सावरून बोलायला लागतो. कॅनडात डॉक्टर आणि रुग्णालयाचं बिल नाही, पण तिथल्या राष्ट्रीय कायद्यात दात आणि रुग्णालयाबाहेरची औषधं धरलेली नव्हती. ब्रिटनमध्ये सेवा सुरू होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच कवळ्या आणि चष्म्यांवर आकार बसवायचा निर्णय झाला, आणि ज्याने ही सेवा उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढच्या वर्षी औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग आलं, १९६५ मध्ये गेलं, १९६८ मध्ये परत आलं. इंग्लंडमध्ये तो आकार आजही आहे. वेल्समध्ये २००७ पासून आणि स्कॉटलंडमध्ये २०११ पासून नाही. ‘मोफत’ या शब्दाची हद्द कुठे संपते, यावरच तिथे सत्तरहून जास्त वर्षं राजकारण चाललंय.

चौथा डाव: चिठ्ठी लिहिणारा

आतापर्यंत चिठ्ठ्यांवरचे आकडे देवाने लिहिल्यासारखे होते. आता एकाला पेन द्या. तो डॉक्टर, रुग्णालय, औषधवाला, सगळं. चिठ्ठी वाटायच्या आधी त्याने हवा तर आकडा वाढवायचा, आणि वाढवलेल्या प्रत्येक आकड्यामागे त्याला एक बटण. बिल डबा देणार.

हा डाव मिश्किल आहे. पेनवाला आधी लाजतो, मग एकाचा २ चा ३ करतो, मग त्याला धीर येतो. खरं सांगायचं तर चिठ्ठी घेणाराही तक्रार करत नाही, कारण पैसे डब्यातून जातायत. साठाचे ऐंशी व्हायला दोन मिनिटं पुरतात. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की उपचाराचा बाजार इतर बाजारांसारखा नाही. काय घ्यायचं हे घेणाऱ्याला कळत नाही, विकणाऱ्यालाच कळतं, आणि कधी लागेल ते दोघांनाही कळत नाही.

अमेरिकेचा खर्च देशाच्या एकूण उत्पन्नाच्या १७ टक्क्यांच्या आसपास आहे, इतर श्रीमंत देशांचा साधारण त्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश. लोक म्हणतात, तिथले लोक उठसूट डॉक्टरकडे जात असतील. आरोग्याचं अर्थशास्त्र अभ्यासणाऱ्या उवे राइनहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की तसं नाही, मुख्य फरक दरांचा आहे. म्हणजे पेनवाल्याचा. जपानमध्ये हे दर सरकारच्या यादीत असतात आणि दर दोन वर्षांनी ती यादी तपासून नवी करतात. थायलंडने २००२ पासून सगळ्यांसाठी योजना केली तेव्हा बाहेरच्या रुग्णांसाठी दवाखान्याला चिठ्ठीमागे नव्हे, तर माणसामागे वर्षाची ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. खेळात हा बदल करून बघा: पेनवाल्याला माणशी एक बटण आधीच द्या आणि आकडा वाढवला तर भरपाई त्याच्याकडून घ्या. पेन लगेच खाली जातं. पण मग तो ६ चे ४ करायला लागतो, म्हणजे उपचारच कमी द्यायला! गटात कोणाच्या तरी हे लक्षात येतंच. तुम्ही आधी सांगून मजा घालवू नका.

पेनवाल्याचीही बाजू ऐका. १९६२ मध्ये कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांताने सगळ्यांसाठी डॉक्टरचा खर्च सरकारी विम्यात आणला तेव्हा डॉक्टर २३ दिवस संपावर गेले. तडजोड अशी झाली की डॉक्टर सरकारी नोकर होणार नाहीत आणि आपल्या पद्धतीने दवाखाना चालवतील. ती तडजोड आजही तिथल्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे.

इथे हमखास सूचना येते, ‘प्रत्येकाला थोडं तरी खिशातून भरू द्या, म्हणजे उगाच कोणी जाणार नाही.’ मला स्वतःला हे पंधरा वर्षं पटत होतं. मग अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेचा प्रयोग वाचला. १९७४ ते १९८२ या काळात हजारो माणसांना वेगवेगळ्या योजनांत चिठ्ठ्या टाकून घातलं होतं: कोणाला सगळं मोफत, कोणाला बिलाचा मोठा हिस्सा खिशातून. खिशातून भरणाऱ्यांचा खर्च सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला. सरासरी प्रकृतीत फारसा फरक नाही. इथवर वाचून लोक थांबतात. पुढे असं आहे की लोकांनी नको ते उपचार टाळले तसेच हवे तेही टाळले, आणि रक्तदाब असलेल्या गरीब माणसांचं नुकसान झालं. केनियातल्या शाळांत जंताच्या गोळीला अगदी किरकोळ शुल्क लावलं तर गोळी घेणाऱ्यांचं प्रमाण ७५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. श्रीमंताला शुल्काने शिस्त लागत असेल. गरिबाला दारातून परत पाठवलं जातं.

अर्ध्यावर थांबायची ही खोड दोन्ही बाजूंना आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात २००८ मध्ये गरिबांच्या सरकारी विम्यात जागा थोड्या आणि अर्ज फार, म्हणून खरोखरच सोडत काढली. दोन वर्षांनी तपासलं तर विमा मिळालेल्यांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत ठळक फरक नव्हता. विरोधकांनी एवढंच उचललं. समर्थकांनी दुसरं उचललं: नैराश्य घटलं आणि औषधोपचारापायी येणारी पैशांची ओढाताण बरीच कमी झाली. तुमच्या गटात कोणी असा अभ्यास पुढे केला तर एकच विचारा, ‘आणि उरलेलं पान?’

डबा अपुरा पडला तर

वेळ असेल तरच हा डाव घ्या. या वर्षी प्रत्येकाने दोनच बटणं टाकायची. चाळीस जमतात, खर्च साठ. फळ्यावर एक खोकं काढा आणि त्याच्या तीन बाजूंना लिहा: किती जण, कोणते उपचार, बिलातला किती वाटा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अहवालात हेच खोकं आहे. कुठली तरी बाजू कमी करावीच लागणार. बहुतेक गट आधी दोनवाल्यांना बाहेर काढतात, ‘किरकोळ खर्च ज्याचा त्याने करावा.’ बारा वाचले. अजून आठ कमी. मग सगळ्यांच्या नजरा तीसवालीकडे जातात, तिच्याकडे नेमकी आठ उरलेली असतात. तिने ती काढून ठेवली की तिच्यापुढे काही नाही. एका गटाने तिला ‘पुढच्या वर्षी करू’ असं सांगितलं. प्रतीक्षायादीचा शोध त्यांनी स्वतःच लावला, मला काही सांगावं लागलं नाही.

इंग्लंडमध्ये ही नजर कोणाकडे वळवायची ते ठरवायला १९९९ पासून एक स्वतंत्र संस्था आहे. नवं औषध माणसाला चांगल्या प्रकृतीचं एक वर्ष जास्त देत असेल तर त्यासाठी वीस ते तीस हजार पौंडांपर्यंत द्यायचे, असा आडाखा तिने कित्येक वर्षं धरला. ऐकायला निष्ठुर वाटतं. पण आकडा जाहीर नसतो तिथेही कोणाला तरी बाहेर ठेवलेलंच असतं, फक्त कोणी ठेवलं ते कळत नाही. मला जाहीर आकडा बरा वाटतो. तुमच्या गटाला वाटेलच असं नाही.

दाराबाहेरच्या दोन खुर्च्या

हा शेवटचा डाव, आणि तो आहे हे कोणाला आधी सांगायचं नाही. दुसरा डाव पुन्हा घ्यायचा, सगळ्यांनी ३ टाकायचे. फक्त या वेळी दोघांना सांगा, ‘तुम्ही जरा बाहेर बसा, मी बोलावते.’ त्यांची बटणं डब्यात, त्यांच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातात, दार बंद. एक चिठ्ठी २ ची आणि एक ६ ची तुम्ही जाणूनबुजून त्यांना दिलेली असते.

आत चिठ्ठ्या उघडतात, डब्यातून बिलं भागतात आणि शेवटी डब्यात आठ बटणं शिल्लक. गट खूश होतो. एका ठिकाणी एक मुलगा उत्साहाने म्हणाला, ‘मॅडम, आपण नीट खर्च केला या वेळी!’ कोणी म्हणालं, आठ बटणं परत वाटून टाकू. वाटायला लागेपर्यंत थांबा. मग दार उघडा.

त्या दिवशी बाहेर बसलेल्यांपैकी एक निवृत्त शिक्षिका होत्या. सहाची चिठ्ठी हातात घट्ट धरून बसल्या होत्या, घडी ओलसर झालेली. त्या रागावल्या नाहीत. आत येऊन म्हणाल्या, ‘मी दोनदा दार वाजवलं. आत हसण्याचा आवाज येत होता.’ ज्या मुलाने शिल्लक मोजली होती त्याने तळहातावरची बटणं डब्यात परत टाकली, एकेक.

यानंतर तुम्हाला सांगायला फार उरत नाही, पण दोन गोष्टी फळ्यावर असू द्या. वेल्समधले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलं की चांगला उपचार जिथे सगळ्यात जास्त लागतो तिथेच तो सगळ्यात कमी मिळतो. आणि जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँक यांच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४५० कोटी माणसांना आवश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नाहीत. यांतल्या कित्येकांकडे कार्ड असतं, नाव यादीत असतं. दवाखाना दूर असतो, त्यात डॉक्टर नसतो, नाहीतर रोजंदारी बुडवून जाता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी ‘आमच्या योजनेत शंभर टक्के लोक आहेत’ असं म्हणालं, तर डब्यात बटणं किती जणांची हे विचारून झाल्यावर दाराबाहेर किती बसलेत तेही विचारा. मी स्वतः सव्वीस वर्षं फक्त आलेल्या क्लेमच्या फाइली पाहिल्या. न आलेल्या क्लेमची फाइलच नसते, त्यामुळे तो विचार माझ्या डोक्यात निवृत्तीनंतर आला.

मतदान घेऊ नका, ‘मग बरोबर कोण?’ असा निकाल तर मुळीच देऊ नका. लोक थोडा वेळ रेंगाळतात, दोघं-तिघं फळ्यापाशी उभे राहून वाद घालत असतात. घालू द्या. तोवर तुम्ही बटणं मोजून घ्या. दोनशे भरली पाहिजेत. माझी कधीच भरत नाहीत, खुर्च्यांखाली जातात, कोणाच्या खिशात जातात. म्हणून पंचवीसेक जास्तीची मी वेगळ्या पुडीत ठेवते. चिठ्ठ्याही दर वेळी नव्या करा; तीसची चिठ्ठी लोक हाताळून इतकी चुरगळतात की पुढच्या वेळी ती बाहेरूनच ओळखू येते.